रस्त्याचा दोष कागदावर आणा : गावच्या धोकादायक रस्त्यासाठी पाठपुरावा कसा करावा

कोकणातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातली अपघाताची फिर्याद वाचा. नाव, गाव, गाडीचा नंबर बदलतो. मधलं वाक्य तेच असतं: 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून...' चालकाची चूक अनेकदा असतेच, नाही म्हणत नाही. पण त्याच वळणावर तिसरा, चौथा चालकही तसाच 'अविचार' करू लागला, तर प्रश्न चालकापुरता राहत नाही. कागदावर मात्र रस्ता निर्दोष सुटलेला असतो. म्हणूनच गावाने निवेदनं देऊन, उपोषणाला बसूनही साहेब शांतपणे सांगतात, 'आमच्याकडे तशी नोंद नाही.' रस्त्याचा दोष सरकारी कागदावर आणणं, हे गावाचं पहिलं काम. फलक, कठडे, क्रॅश बॅरिअर त्या मागून येतात.

रस्ता कोणाचा?

निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर पडून वाया जातात. सहा महिन्यांनी उत्तर येतं, 'सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.'

ढोबळ हिशेब असा. ग्रामीण मार्ग (ग्रा.मा.) आणि इतर जिल्हा मार्ग (इ.जि.मा.) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रमुख जिल्हा मार्ग (प्र.जि.मा.) आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. मुंबई-गोवा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66, याची यंत्रणा वेगळी. तिथे गावातल्या शाखा अभियंत्याला धरून उपयोग नाही. रेवस-रेडी सागरी महामार्गाचं काम रस्ते विकास महामंडळाकडे आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या गावांनी ही चौकशी जास्त बारकाईने करावी. प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून रस्ता झाला असेल तर कडेला फलक असतो: रस्त्याचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख. प्रधानमंत्री योजनेत पुढची 5 वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात असते. त्या फलकाचा फोटो आजच काढून ठेवा. हे फलक पडतात, आणि पडले की उभे राहत नाहीत.

मैलाच्या दगडाचा रंगही सांगतो. पिवळी टोपी राष्ट्रीय महामार्गाची, हिरवी राज्य मार्गाची, केशरी ग्रामीण रस्त्याची. त्या दगडांवरून तुमच्या जागेचा किलोमीटर काढा. 'शाळेजवळचं वळण' ही आपली भाषा. अभियंत्याच्या डोळ्यासमोर जागा उभी राहते ती 'कि.मी. 12/400 ते 12/700' असं, म्हणजे बारा किलोमीटरच्या पुढे 400 ते 700 मीटर, लिहिल्यावर.

जागा मोजा

'संपूर्ण रस्ता धोकादायक आहे' असं लिहिलं की अर्ज मेला. पंधरा किलोमीटरच्या रस्त्याचं अंदाजपत्रक कोटींत जातं आणि फाईल वरच्या टेबलावर जाऊन बसते. दोन किंवा तीन जागा निवडा. कोणत्या निवडायच्या ते एसटीच्या चालकाला विचारा. रोज वस्तीची गाडी नेणारा माणूस डोळे मिटून सांगेल. त्याच्या म्हणण्यावर आगार व्यवस्थापकाचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आपल्याकडच्या वाईट जागा बहुतेक एकाच जातीच्या असतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूला कातळ, चिटपाखरू नाही, गाडी साठ-सत्तरला पोचते. मग सडा संपतो, रस्ता खाडीकडे उतरायला लागतो आणि उताराच्या पोटातच वळण. वळणाच्या आतल्या बाजूला कुणाचा तरी चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, त्यामागे काजू, नाहीतर रानमोडीचं रान. उतारावर आधीच वेग, त्यात समोरचं दिसत नाही. मुंबईहून पहिल्यांदा आलेल्या चालकाला इथे 'अविचार' करावा लागत नाही, तो रस्ताच करवून घेतो.

हे मोजून दाखवता येतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या मानकांत वेगानुसार 'थांबण्याचं दृष्टी-अंतर' दिलेलं आहे: ताशी 30 किमीला 30 मीटर, 40 ला 45, 50 ला 60, 60 ला 80. चालकाचा डोळा जमिनीपासून 1.2 मीटरवर आणि रस्त्यावरचा अडथळा 15 सेंटिमीटर उंच, असं धरून हे अंतर मोजतात. पंधरा सेंटिमीटरचा अडथळा गावात कुठून आणायचा? लहानसा असोला नारळ साधारण तेवढाच भरतो. वळणापलीकडे रस्त्याच्या मध्यावर नारळ ठेवा, टेपवर 1.2 मीटर मोजून तेवढ्या उंचीवर मोबाईलचा कॅमेरा धरा आणि नारळ दिसेनासा होईपर्यंत मागे या. तिथपासून नारळापर्यंत रस्त्यावरून टेप धरा. पन्नास मीटरची टेप कुठल्याही गवंड्याकडे मिळेल. अंतर 28 मीटर भरलं आणि गाड्या चाळीसने येत असतील, तर तुमच्या हातात पुरावा आला. आपल्या बऱ्याच गावरस्त्यांवर डांबर 3.75 मीटर किंवा त्याहून कमी. अशा रस्त्यावर समोरून येणाऱ्यालाही थांबावं लागतं, म्हणून समोरच्या गाडीसाठी हेच अंतर दुप्पट धरायचं, चाळीसला 90 मीटर.

मोजताना दोन्ही बाजूंना लांबवर लाल फडकं घेतलेली माणसं उभी करा. सकाळी उजेडात, वर्दळ नसताना. मोजायला गेलेल्या पोरांचाच अपघात झाला तर काय तोंड दाखवणार?

गाड्यांचा वेगही काढता येतो. वळणाआधी चुन्याच्या दोन खुणा करा, एकीपासून दुसरी 50 मीटरवर. गाडीला एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पाहा आणि 180 ला त्या सेकंदांनी भागा. साडेचार सेकंद म्हणजे ताशी 40, तीन सेकंद म्हणजे 60. शंभर गाड्या मोजा, वेगाच्या चढत्या क्रमाने लावा आणि पंचाऐंशीव्या गाडीचा वेग अर्जात लिहा. अभियंतेही तोच आकडा बघतात. एकदा साध्या दिवशी मोजा आणि एकदा मे महिन्यातल्या नाहीतर गणपतीच्या गर्दीत. दोन्ही आकडे वेगळे येतील, दोन्ही लिहा.

मग साईडपट्टी. जुन्या डांबरावर नवं डांबर, त्यावर आणखी एक थर, असं करत रस्ता वर येतो आणि कडेची लाल माती पावसाने वाहून खाली जाते. पायरी तयार होते. एसटी अडीच मीटरहून थोडी जास्तच रुंद. तिला बाजू द्यायला दुचाकीवाला खाली उतरतो, आणि परत वर चढताना चाक त्या पायरीला घासून गाडी आडवी होते. फिर्यादीत याला 'दुचाकी घसरून' म्हणतात. पायरीला पट्टी लावून फोटो काढा, सेंटिमीटरचे आकडे वाचता येतील असा.

गटार तुंबून पाणी रस्त्यावरून कुठे वाहतं, शेवाळ कुठे धरतं, याचा व्हिडिओ भर पावसात काढा. एप्रिलमधल्या स्थळपाहणीत साहेबांना हे दिसणार नसतं. मासळीच्या गाड्यांतून सांडणारं पाणी, चिरेखाणीच्या डंपरच्या चाकांना लागून आलेला चिखल, रात्री रस्त्यावर बसणारी मोकाट गुरं, हीही कारणं लिहा. पण ती वेगळ्या कागदावर. त्यांचा उपाय बांधकाम खात्याकडे नाही. परिवहन, महसूल आणि ग्रामपंचायत यांच्याकडे आहे.

अपघातांची यादी

दोन याद्या लागतात, एक पोलिसांची, एक गावाची. प्रथम खबरी (एफआयआर) राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणे आणि तारखेनुसार बघता येतात, काही संवेदनशील गुन्हे सोडून. पण गावाकडचे निम्मे अपघात ठाण्यापर्यंत जातच नाहीत. गुडघा फुटला, हात मोडला, प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टी बांधली, विषय संपला. म्हणून ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, नेमकी जागा, वाहन, पाऊस होता का, उजेड होता का, 108 ची रुग्णवाहिका बोलावली का. जखमींची नावं लिहायची गरज नाही. 'गेल्या वर्षी बरेच अपघात झाले' याला किंमत नाही. 'कि.मी. 12/400 वर तीन वर्षांत सात, पैकी पाच पावसाळ्यात, पाचही खाडीकडे उतरताना' अशी यादी टेबलावर ठेवा, अभियंता खुर्चीत पुढे सरकून बसतो.

'ब्लॅक स्पॉट' हा शब्द वापरताना मात्र जपून. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गासाठी केलेली व्याख्या अशी: सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू. गावच्या रस्त्याला हे गणित सहसा लागू पडत नाही, आणि तुम्ही शब्द वापरलात की समोरचा तेच गणित दाखवून फाईल बंद करतो. 'अपघातप्रवण वळण' म्हणा.

नवा अपघात झाला तर पंचनाम्याच्या वेळी गावातले जाणते दोघं तिथे असू द्या आणि फलक नाही, कठडा तुटलेला आहे, साईडपट्टी खचलेली आहे, हे पंचनाम्यात लिहायचा आग्रह धरा. शांतपणे, पण धरा. जखमीला मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. पोलीस त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करू शकत नाहीत. ही गोष्ट रिक्षा स्टँडवर छापून लावा.

काय मागायचं?

रुंदीकरण मागू नका. निदान पहिल्या अर्जात नको. रुंदीकरणाला जागा लागते, जागेला सातबारा, आणि आपल्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार. अर्धे मुंबईत, काही बडोद्याला, दोघं हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. तोवर वळणावर आणखी दोघं जातील.

जे शाखा अभियंता आणि उपअभियंता देखभालीच्या पैशातून करू शकतात ते आधी मागा. वळणाआधीचा सावधानतेचा फलक, वळणाच्या बाहेरच्या कडेने बाणांचे परावर्तित फलक, कडेच्या पांढऱ्या रेषा, रात्री चमकणारे कॅट आय, साईडपट्टीची भर, गटारसफाई, दृष्टी अडवणाऱ्या झाडोऱ्याची तोडणी. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. दरीच्या बाजूला क्रॅश बॅरिअर ही मागणी दुसऱ्या टप्प्यातली, कारण तिला स्वतंत्र अंदाजपत्रक लागतं. पण तिच्याऐवजी चुना फासलेला चिऱ्याचा कठडा कुणी देऊ केला तर नम्रपणे नको म्हणा. ट्रकच्या धक्क्याला तो थांबत नाही. बहिर्वक्र आरसा हा पुढाऱ्यांचा आवडता उपाय, कारण खाली सौजन्याची पाटी लावता येते. अगदी अरुंद कोपऱ्यावर तो उपयोगी आहे, पण पावसात त्यात धुकं दिसतं. गडगा दोन हात मागे घेतला तर आरशाची गरजच उरत नाही अशा जागा पुष्कळ आहेत.

गडगा मागे घेणं हे काम मात्र कुठलाही साहेब करून देणार नाही. घराण्यातल्या वडीलधाऱ्याला मध्ये घाला. गावाच्या खर्चाने चिरे परत रचून देतो आणि हद्द तीच राहील असं लेखी देतो म्हणा. 'काका, जागा तुमचीच, फक्त तेवढा कोपरा दिसू दे' एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी जमतं. जिथे जमत नाही तिथे जुना भाऊबंदकीचा वाद असतो, रस्त्याचा नसतो.

गतिरोधकाची मागणी सर्वांत आधी तोंडात येते, म्हणून तिच्याबद्दल थोडं. आयआरसी 99 प्रमाणे गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे गाडी ताशी 25 किमीने आरामात जावी असा. आपल्याकडे असतो तो एक हात रुंद उंचवटा, पट्टे नाहीत, फलक नाही. उतारावर, वळणाच्या तोंडाशी असा उंचवटा म्हणजे दुचाकीवाल्यासाठी सापळा. शाळेसमोर, सपाटीवर, आधी फलक आणि पट्टे लावून मागा. आणि रातोरात माती-दगड टाकून किंवा जुना खांब आडवा घालून स्वतः मुळीच करू नका. त्यावर कुणी पडला तर गुन्हा तुमच्यावर.

अर्ज

आधी ग्रामसभेचा ठराव. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. नोटीस निघण्याआधी विषय सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या, म्हणजे तो 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकलला जाणार नाही. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या गणपूर्तीला लागते. रस्ता दोन-तीन गावांतून जात असेल तर प्रत्येक ग्रामपंचायतीचा वेगळा ठराव घ्या, मजकूर एकच.

मग अर्ज, एका पानाचा. असा काहीसा:

'प्रति, उपअभियंता... विषय: प्र.जि.मा. क्र. ... कि.मी. 12/400 ते 12/700 येथील अपघातप्रवण वळणावर सुरक्षा उपाययोजना करणेबाबत. महोदय, सदर ठिकाणी मागील तीन वर्षांत झालेल्या सात अपघातांची यादी सोबत जोडली आहे. वळणावर दृष्टी-अंतर 28 मीटर असून वाहनांचा वेग ताशी 40 किमीपेक्षा अधिक आहे. आयआरसी मानकांनुसार या वेगास किमान 45 मीटर आवश्यक आहे. डांबरी पृष्ठभाग व साईडपट्टी यांत 14 सेंटिमीटरचा फरक आहे. तरी (1) सावधानता फलक व परावर्तित बाण, (2) साईडपट्टी भरणे, (3) झाडोरा तोडणे ही कामे पावसाळ्यापूर्वी करावीत व ग्रामस्थांसमवेत संयुक्त स्थळपाहणीची तारीख कळवावी.'

जागेचा आकडा, दोष, मागणी, तारीख. 'जनतेच्या भावना तीव्र आहेत' हे वाक्य नको. भावना तीव्र आहेत हे त्यांना माहीत असतं. प्रत कार्यकारी अभियंता, पोलीस निरीक्षक, तहसीलदार, आमदार यांना. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच फाईलला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'साहेबांनी बघतो म्हटलंय' ही पोच नव्हे.

स्थळपाहणीला साहेब आले की एसटीचा चालक, शाळेचे मुख्याध्यापक आणि रोज दूध किंवा मासळी घेऊन जाणारी एखादी बाई हजर ठेवा. भाषणं नकोत. साहेबांना नारळाची गंमत दाखवा, ती ते विसरत नाहीत. पाहणी संपल्यावर जागेवरच टिपण लिहा आणि त्यावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्या.

महिन्याभरात हालचाल नाही झाली तर फाईल जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे न्या. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पोलीस, परिवहन आणि बांधकाम हे सगळे एका टेबलावर बसतात, त्यामुळे 'आमच्याकडे नाही' म्हणायला जागा उरत नाही. तुमचा विषय बैठकीत आला का, हे इतिवृत्त मागवून तपासा. आपले सरकार पोर्टल आणि जिल्ह्यातला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन हेही मार्ग आहेत. दोन्हींची खरी किंमत अशी की उत्तर लेखी येतं.

माहितीचा अधिकार

10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. 'हा रस्ता का दुरुस्त होत नाही?' असं विचारू नका, कारण 'का' ही माहिती होत नाही. कागद मागा: या रस्त्यावरच्या शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर दोष दुरुस्त करायची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ) कधी संपतो तो आदेश. अंदाजपत्रकात फलक आणि रंगपट्ट्यांचे पैसे धरलेले असतात आणि रस्त्यावर एकही फलक नसतो, असं सापडलं की पुढचं बोलणं सोपं होतं. उत्तर नाही आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. तिथे वेळ लागतो, पण बहुतेक कागद पहिल्या अपिलातच सुटतात.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198 अ आलं आहे. रस्त्याचं संकल्पन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम मोठी नाही. पण दोष लेखी कळवल्यानंतरही काही केलं नाही, हे दाखवायला तुमच्या अर्जाची पोच कामी येते. दुसऱ्या स्मरणपत्रात या कलमाचा एका ओळीत उल्लेख करा, धमकीचा सूर न लावता.

पैसा आणि पंचांग

अभियंता म्हणतो, 'निधी नाही.' विचारा, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या खात्याखाली, नाही? 3054 मध्ये दुरुस्ती-देखभाल, 5054 मध्ये मोठी कामं, 25-15 मध्ये गावातली मूलभूत सुविधांची कामं. शिवाय आमदार निधी आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती. लेखाशीर्षाचं नाव घेतलं की बोलण्याचा सूर बदलतो.

डांबराचं काम आपल्याकडे पावसाळा सरल्यापासून मेपर्यंतच. म्हणून अर्ज दसऱ्याच्या सुमारास आत गेला पाहिजे, स्थळपाहणी दिवाळीनंतर, अंदाजपत्रक डिसेंबरपर्यंत. मार्चअखेर निधी खर्ची टाकायची घाई असते. तयार अंदाजपत्रक असलेलं छोटं काम त्या घाईत निघून जातं. मेमध्ये जागे झालात तर वर्ष गेलं. गटार आणि झाडोरा मात्र मृगाआधी, आणि झाडोरा पुन्हा एकदा गणपतीआधी, कारण ऑगस्टपर्यंत रानमोडीने फलक गिळलेला असतो.

मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, इथे खरा उपयोग आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी जे लोक एका हाकेला उभे राहतात, त्यांच्यातलाच कुणी मंत्रालयात कक्ष अधिकारी, कुणी वकील, कुणी महापालिकेत अभियंता असतो. त्यांना वर्गणी मागू नका, फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारायला सांगा. आणि गावात पक्ष कितीही असोत, अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्या. श्रेयाचा फ्लेक्स ज्याला लावायचा त्याने काम झाल्यावर लावावा.

रास्ता रोको

हे शेवटचं हत्यार. आधी निवेदन, मग स्मरणपत्र, मग लेखी इशारा, आणि त्यात तारीख. जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदी लागू आहे का ते बघा. आपल्याकडे ती सणासुदीला हमखास असते. पोरांवर गुन्हे दाखल झाले की पासपोर्टला आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला त्रास होतो, हे त्यांना आधी सांगा. रस्त्याकडेला साखळी उपोषण केलं तर ही जोखीम पुष्कळ कमी होते, आणि 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टचा इशारा दिला की प्रशासन आपणहून बोलणीला येतं.

बोलणीत 'लेखी आश्वासन' मिळेल. सही करण्याआधी ते नीट वाचा. 'निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल' हे आश्वासन नव्हे. कोणतं काम, कोणत्या किलोमीटरला, कोणत्या तारखेपर्यंत, कोणता अधिकारी, एवढं असेल तरच मांडव उतरवा.

काम झाल्यावर

त्याच जागेवर, त्याच पद्धतीने परत मोजा: नारळ, वेग, साईडपट्टी. फलक सरळ उभे आहेत का, रात्री गाडीच्या दिव्यात चमकतात का, बॅरिअरची टोकं उघडी तर राहिली नाहीत ना, हे बघा. उघडं टोक गाडीत भाल्यासारखं घुसतं. त्रुटी असतील तर ठेकेदाराचं बिल निघण्याआधी लेखी कळवा, बिल निघालं की फोन उचलले जात नाहीत. कार्यारंभ आदेशातली दोषदायित्वाची तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि ती संपायच्या दोन महिने आधी पुन्हा एक पाहणी मागा. वही चालू ठेवा. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्या जागी काही झालं नाही, तर तोच कागद घेऊन दुसऱ्या वळणाचा अर्ज करा.